सतरा हजारांचा पिटुकला लॅपटॉप : घ्यावा का?

फर्स्ट इयरची अॅडमिशन झाली की घरात पुढचा विषय निघतो तो लॅपटॉपचा. फी, हॉस्टेल, मेस यांत बाबांचा खिसा आधीच हलका झालेला असतो. अशा वेळी कोणीतरी सांगतो, "अरे, सतरा हजारांत नवा कोरा मिळतो की!" हा नवा कोरा म्हणजे प्राइमबुक ४जी. मार्च २०२३ मध्ये आला तेव्हा किंमत होती १६,९९० रुपये. नाव फारसं कोणी ऐकलेलं नाही. त्यामुळे लोक एक तर हसतात, नाहीतर डोळे मिटून घेतात. माझ्या मते दोन्ही चूक.

आधी जमेची बाजू. स्क्रीन ११.६ इंची, त्यामुळे सॅकमध्ये जर्नलच्या शेजारी आरामात मावतो. शिवाय सिमकार्ड घालायची सोय! हॉस्टेलच्या वाय-फायचे रुसवेफुगवे सोसलेल्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. एनपीटीईएलची लेक्चर्स, पीडीएफ, रिपोर्ट टाइप करणं, फॉर्म भरणं ही कामं झकास होतात. टर्मक्स नावाचं अॅप टाकलं तर सी आणि पायथनचे प्रोग्रॅमसुद्धा चालवता येतात.

मग घोडं अडतं कुठे? यात विंडोज नाही. अँड्रॉइड ११ वर बेतलेली प्राइमओएस आहे. प्रोसेसर मीडियाटेक एमटी ८७८८, म्हणजे टॅबलेट-मोबाइलच्या घराण्यातला, एआरएम जातीचा. आपलं ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, प्रोटियस हे सगळं विंडोजसाठी आणि इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेलं. इथे मशीन 'स्लो' आहे हा मुद्दाच नाही, भाषाच वेगळी आहे! त्यात ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं. मेमरी कार्ड घालाल, पण रॅम पुढे वाढवू म्हणाल तर ते विसरा.

यावर कोणी म्हणेल, मॅटलॅब ऑनलाइन आहे, ऑनशेप आहे, गुगल कोलॅब आहे, सगळं ब्राउझरमध्ये होतं. खरं आहे. पण नेट गेलं की कामही गेलं. आणि सबमिशनच्या आदल्या रात्री नेट जात नाही असं हॉस्टेल कोणी पाहिलंय का?

म्हणून ब्रँचप्रमाणे हिशेब करा. मेकॅनिकल, सिव्हिल, ईअँडटीसीवाल्यांनी या वाटेला जाऊ नये. कॉम्प-आयटीवाल्यांचं पहिलं वर्ष निभेल, पण पुढे अँड्रॉइड स्टुडिओ आणि व्हर्च्युअल मशीन आलं की हात टेकावे लागतील.

मग कमी पैशांत छोटा लॅपटॉप हवा असेल तर काय? माझं मत कंपन्यांतून निघालेल्या रिफर्बिश्ड मशीनच्या बाजूने. उदाहरणार्थ डेल लॅटिट्यूड ७२९०. स्क्रीन १२.५ इंची, रॅम आणि एसएसडी दोन्ही बदलता येतात. बघताना इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा बघा, कारण विंडोज ११ अधिकृतपणे त्याच्या खाली चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅमिंग्टन रोडला गेलात तर पहिल्याच दुकानात पैसे काढू नका. बॅटरी किती उरली आहे ते तपासा, की-बोर्डचं प्रत्येक बटण दाबून बघा, बिल आणि वॉरंटी लेखी घ्या. जुन्या वस्तूत धोका असतोच, पण हा धोका दुकानात उभं राहून तपासता येतो. न चालणारं सॉफ्टवेअर मात्र कितीही तपासलं तरी चालत नाही.

म्हणजे प्राइमबुक टाकाऊ का? मुळीच नाही. धाकट्या बहिणीच्या अकरावी-बारावीसाठी खुशाल विचार करा. पण तुमच्या चार वर्षांसाठी घेणार असाल तर आधी सीनियर्सकडून सॉफ्टवेअरची यादी घ्या, मग दुकानाची पायरी चढा. बाबा एकदा कसेबसे पैसे उभे करतील. थर्ड इयरला "हा चालत नाही, दुसरा घ्या" असं सांगायची पाळी आली, तर सतरा हजारांचा लॅपटॉपच सगळ्यांत महाग पडेल.