वाचेल त्याचे ग्रंथालय

ठाणे-बेलापूर पट्ट्यात, रबाळे आणि घणसोली ह्यांच्या मध्ये तळवली हे गाव आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत आणि सभोवती नवी मुंबईच्या उंच इमारती. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व त्या वेळचा कुलाबा ह्या जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर वसविण्याचे काम सुरू झाले. भाताची खाचरे गेली, मिठागरे गेली, खाडीतली मासळी कमी होत गेली. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यातील आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबाराला बळी पडले, तेव्हा कुठे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पदरात पडले. हा इतिहास आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आज तो आठवण्याचे कारण वेगळे आहे. ह्याच पट्ट्यात, ऐरोली-रबाळे-महापे परिसरात, जगाची माहिती रात्रंदिवस साठवून ठेवणारी प्रचंड संगणकीय कोठारे उभी राहिली आहेत. ज्यांच्या शिवारात ही कोठारे उभी आहेत, त्यांच्या मुलांना त्यातले काय वाचता येते, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

समजा, तळवलीतल्या एका आगरी कुटुंबातली मुलगी जवळच्या खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयात शिकते आहे. तिला ठाणे खाडीवर प्रबंधिका लिहावयाची आहे. ह्या खाडीच्या काही भागाला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली आणि २०२२ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत तिचा समावेश झाला. साहजिकच खाडीच्या गाळावर, कारखान्यांच्या सांडपाण्यावर, माशांच्या घटत्या जातींवर बरेच संशोधन झालेले आहे, आणि त्यातील पुष्कळसे सरकारी संस्थांतील शास्त्रज्ञांनी सरकारी पैशाने केलेले आहे. मुलगी शोध घेते. लेखाचे नाव दिसते, चार ओळींचा सारांश दिसतो, आणि खाली मागणी येते : पुढे वाचावयाचे असल्यास तीस-चाळीस डॉलर भरा. एका लेखाला इतके, आणि तिला वाचावयाचे आहेत पन्नास लेख. ज्या खाडीत तिच्या आजोबांनी जाळे टाकले, त्या खाडीविषयी जगाला काय कळले आहे हे जाणून घ्यावयाला तिच्यापाशी पैसे नाहीत.

हा दोष तिच्या महाविद्यालयातील ग्रंथपालाचा नाही. संशोधनपत्रिकांचा व्यापार कसा चालतो हे पाहिले म्हणजे दोषाचे मूळ ध्यानात येते. लेख लिहिणाऱ्या प्राध्यापकाला प्रकाशक मोबदला देत नाही. लेख तपासणारे तज्ज्ञही बहुधा विनामूल्य काम करतात. ह्या दोघांचे पगार सार्वजनिक तिजोरीतून होतात. असा तयार झालेला माल प्रकाशक त्याच विद्यापीठांना वर्गणी लावून विकतो. ह्या धंद्यातील सर्वांत मोठ्या कंपनीला शंभर रुपयांच्या विक्रीमागे तीस रुपयांहून अधिक नफा होत आला आहे. कच्चा माल फुकट, मजुरी फुकट आणि गिऱ्हाईक बांधलेले, असा हा व्यवहार आहे. त्यातच पाच उपयोगी पत्रिका हव्या असतील तर पन्नास निरुपयोगी पत्रिकांसह सगळा गठ्ठा घ्यावा लागतो. विद्यापीठाचे ग्रंथालय हे ह्या बाजारातले सर्वांत दुबळे गिऱ्हाईक आहे.

ह्या दुबळेपणावर एक उपाय म्हणजे सर्वांनी मिळून खरेदी करणे. सहकाराच्या ह्या महाराष्ट्रात हे तत्त्व कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट ह्या केंद्राने विद्यापीठांसाठी अशी एकत्र खरेदी दोन दशकांपूर्वीच सुरू केली, आणि पुढे एन-लिस्ट योजनेतून अनुदानित महाविद्यालयांपर्यंतही काही पत्रिका व पुस्तके पोचविली. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ ह्या योजनेला मान्यता दिली. २०२५ ते २०२७ ह्या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका, ६,३०० हून अधिक संस्था आणि जवळजवळ १ कोटी ८० लक्ष विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा तिचा पसारा आहे. देशाने एकत्र येऊन सौदा करावा ही कल्पना योग्यच आहे, आणि ती केवळ सरकारने आणली म्हणून तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. एखाद्या दूरच्या जिल्ह्यातील सरकारी महाविद्यालयाला जी पत्रिका स्वप्नातही दिसली नसती, ती आता तेथे उघडते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु ह्या योजनेचा जन्म कसा झाला हेही विसरता कामा नये. २०२० च्या डिसेंबरअखेर केंद्र सरकारने विज्ञान-तंत्रज्ञान धोरणाचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात हीच कल्पना होती. मात्र तिचा लाभ भारतातील प्रत्येक व्यक्तीला मिळावा असे त्यात म्हटले होते. चार वर्षांनी योजना प्रत्यक्षात आली तेव्हा ‘प्रत्येक व्यक्ती’ गळून पडली होती आणि केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था एवढेच लाभधारक उरले होते. तळवलीची मुलगी खाजगी महाविद्यालयात शिकते म्हणून बाहेर. शाळेतला शिक्षक बाहेर, तालुक्याच्या गावचा डॉक्टर बाहेर, प्रदूषणाविरुद्ध लढणारा कार्यकर्ता बाहेर, कामगारांचा खटला चालविणारा वकील बाहेर. ह्या सर्वांचा कर मात्र ६,००० कोटींत आहे. वर्षाचे २,००० कोटी आणि १ कोटी ८० लक्ष लाभधारक ह्यांचा हिशेब केला तर माणशी सुमारे १,१०० रुपये पडतात. एवढी रक्कम मोजून घेतलेली वस्तू ज्याच्या पैशाने घेतली त्याला दाखवावयाची नाही, हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, मुलीने सरकारी महाविद्यालयात जावे. महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचे चित्र ज्यांना ठाऊक आहे ते असे म्हणणार नाहीत. येथली बहुसंख्य महाविद्यालये खाजगी संस्थांची आहेत, आणि नवी महाविद्यालये तर बव्हंशी विनाअनुदानित तत्त्वावरच निघाली. शासनाने स्वतः महाविद्यालये काढावयाची नाहीत, अनुदान द्यावयाचे नाही, आणि मग मुले खाजगी संस्थेत शिकतात म्हणून त्यांना पत्रिका नाकारावयाच्या, हा दुहेरी अन्याय आहे. प्रकल्पग्रस्ताच्या मुलीने विनाअनुदानित महाविद्यालयाची जबर फी भरली ती हौसेने भरलेली नसते.

दुसरा प्रश्न मालकीचा आहे, आणि समाजवादी विचाराच्या माणसाला तो अधिक मूलभूत वाटला पाहिजे. ग्रंथालय पूर्वी पुस्तक विकत घेई. पुस्तक कपाटात आले की ते ग्रंथालयाचे झाले. पुढच्या वर्षी पैसे नसले तरी मागच्या वर्षीचा अंक कोणी काढून नेत नसे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. जुन्या ग्रंथसंग्रहालयांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पुस्तके आजच्या अभ्यासकाला वाचावयास मिळतात, कारण ती त्यांच्या मालकीची होती. इलेक्ट्रॉनिक साधनांत ग्रंथालय काही विकत घेत नाही. ते ठरावीक मुदतीचा परवाना घेते. मुदत संपली, वर्गणी थकली, प्रकाशक बदलला, की कपाट रिकामे. मागच्या अंकांवरील हक्क कायम राहावा असे कलम करारात घालून घेतले असेल तरच तो राहतो, आणि ते कलम घालण्याची ताकद एकट्यादुकट्या ग्रंथालयात नसते. करारातील किंमत गुप्त ठेवण्याच्या अटीही ह्या व्यवसायात रूढ आहेत. एका विद्यापीठाने काय मोजले हे दुसऱ्याला कळू द्यावयाचे नाही, म्हणजे दोघांनाही लुबाडता येते.

ह्या भागातील शेतकऱ्याला ही अवस्था ओळखीची वाटेल. खोताच्या जमिनीवर राबणारे कूळ असेच होते. पीक काढावे, खंड भरावा आणि खोताची मर्जी फिरली की चालते व्हावे. कुलाबा जिल्ह्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये संप पुकारला आणि वर्षानुवर्षे जमीन पडीक ठेवून तो चालविला, तो ह्याच अवस्थेविरुद्ध. १९४८ चा कूळकायदा आणि १९५७ चा कृषकदिन त्या लढ्यांच्या पाठीवर आले. आज विद्यापीठांची ग्रंथालये प्रकाशकांची कुळे झाली आहेत, आणि ह्या कुळांना संरक्षण देणारा कायदा अद्याप झालेला नाही. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने ग्रंथालयाला ‘ज्ञानस्रोत केंद्र’ असे भारदस्त नाव दिले. स्रोत मात्र दुसऱ्याच्या मालकीचा आहे.

छापील पुस्तकाच्या बाबतीत न्यायालयाने विद्यार्थ्याची बाजू घेतलेली आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका छायाप्रतीच्या दुकानावर तीन विदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील भागांच्या प्रती काढणे हे आपल्या हक्कांवर अतिक्रमण आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्षणाच्या कामासाठी कायद्यात असलेली मोकळीक मान्य केली, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. परंतु छायाप्रत काढावयाची तर पुस्तक हाती असावे लागते. परवान्याच्या पद्धतीत दारच उघडत नाही, तेथे आतील मोकळीक काय कामाची? मग विद्यार्थी चोरवाटेने जातात. साय-हब ह्या संकेतस्थळाचा आधार देशोदेशीच्या संशोधकांनी घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते भारतात बंद करण्याचा आदेश दिला. चोरवाटेचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण ती वाट का मळली हे न विचारता ती बुजविणे, हे अर्धेच काम झाले.

आपल्याच मंडळींपैकी काहींचे म्हणणे असे की प्रकाशकांना वर्गणी देणेच चूक आहे. सार्वजनिक पैशाने झालेले संशोधन मुळातच सर्वांना खुले असावे. तत्त्व म्हणून हे बिनतोड आहे. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यापासून ही मागणी जगभर पुढे येत आहे, आणि आपल्याकडे विज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी २०१४ मध्ये तसे धोरणही जाहीर केले. मराठी विश्वकोश आज कोणालाही विनामूल्य वाचता येतो, हे ह्या मार्गाचे आपल्या घरचे उदाहरण. परंतु उद्याच्या खुल्या ज्ञानासाठी आजच्या मुलीने प्रबंधिका थांबवून ठेवावी काय? दोन्ही लढे एकदमच लढावे लागतील. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये सर्वांत मोठ्या प्रकाशकाशी करार तोडला आणि दोन वर्षांनी आपल्या अटी बऱ्याच अंशी मान्य करून घेऊन नवा करार केला. तिथल्या एका विद्यापीठाला जे जमले ते भारत सरकारला जमू नये, असे मानण्याचे कारण नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. ह्या योजनेची पहिली मुदत २०२७ अखेर संपते, आणि पुढच्या करारांची बोलणी त्यापूर्वीच होतील. त्या करारांत चार गोष्टी आल्या पाहिजेत. पहिली, विद्यार्थी कोणत्याही मान्यताप्राप्त महाविद्यालयाचा असो, त्याला प्रवेश मिळावा. दुसरी, प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयात किमान एका संगणकावर कोणाही नागरिकाला ह्या पत्रिका वाचता याव्यात. प्रत्यक्ष येऊन बसणाऱ्या वाचकाला अशी मुभा देण्याची पद्धत पाश्चात्त्य विद्यापीठांच्या करारांत रूढ आहे. आपण काही जगावेगळे मागत नाही. तिसरी, पैसे भरलेल्या वर्षांच्या अंकांवर देशाचा कायमचा हक्क राहावा. चौथी, कोणत्या प्रकाशकाला किती रक्कम दिली हे जाहीर व्हावे. ह्यातील दुसऱ्या मागणीसाठी महाराष्ट्राजवळ पाया तयार आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने राज्यात जिल्ह्यापासून गावापर्यंत ग्रंथालयांचे जाळे विणले गेले. ती ग्रंथालये आज अपुऱ्या अनुदानावर आणि तुटपुंज्या वेतनावरच्या सेवकांवर चालली आहेत. त्यांत संगणक आणि त्याबरोबर जाणता सेवक आला, तर वाचनालय म्हणजे केवळ वर्तमानपत्रे चाळण्याची जागा हा समज पुसला जाईल.

दिल्लीतील करारापर्यंत वाट पाहण्याचीही गरज नाही. आपल्या भागातील विद्यापीठ व सरकारी महाविद्यालयांच्या ग्रंथपालांना भेटून, बाहेरच्या वाचकाला कोणत्या अटींवर प्रवेश आहे हे लेखी विचारता येईल. विद्यापीठाच्या अधिसभेत निवडून गेलेल्या आपल्या सदस्यांना हा प्रश्न मांडता येईल. महापालिकेच्या अंदाजपत्रकात गावठाणातील अभ्यासिकांसाठी किती तरतूद आहे, हे पाहता येईल. आणि ग्रंथपालांच्या रिक्त जागांची मागणी शिक्षकांच्या रिक्त जागांइतक्याच जोराने करता येईल. कारण परवाने, करार आणि मुदती सांभाळणारा माणूस नसेल तर घेतलेली साधनेही वापराविना पडून राहतात.

रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, हा त्यांतला एक. नव्वदांहून अधिक वर्षांनंतर तळवलीच्या मुलीला तिच्या खाडीवरचा लेख मिळत नसेल, तर तो नियम अजून अमलात यावयाचा आहे. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा देताना आपल्या आधीच्या पिढीने, ती व्यवहार्य आहे काय, असे जमीनदाराला विचारले नव्हते. वाचेल त्याचे ग्रंथालय, ही मागणीही तशीच मांडावी लागेल.