वेळ विचारावी लागू नये म्हणून

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारातला राजाबाई टॉवर आपण निदान चित्रात पाहिलेला असतो. २८० फूट उंच. दर पाव तासाला टोल. पूर्वी त्यावर सोळा धून वाजवण्याची सोय होती. १८७८ मध्ये बांधून झालेल्या या मनोऱ्याला नाव मात्र ना राणीचे, ना गव्हर्नरचे. ते एका आईचे आहे.

कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे नाव द्यावे, ही त्यांची अट. राजाबाईंना दिसत नसे, असे सांगतात. जैन असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवायचा त्यांचा नेम होता. टोल ऐकून त्यांना कुणाला न विचारता वेळ कळे.

‘कुणाला न विचारता’ हे शब्द माझ्या मनात घर करून राहिले. त्या सूर्यास्ताआधी जेवत. रमजानमध्ये त्याच सूर्यास्ताला आपला रोजा सुटतो. मगरिबची अजान झाली की नजर अधू झालेली दादीही कुणाला न विचारता खजूर उचलते.

पण बाकीच्या वेळेचे काय? पूर्वी भिंतीवरचे घड्याळ टोले द्यायचे. आमच्या दरेकसा गावात मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्यांच्या आवाजावरूनही म्हातारी माणसे वेळेचा अंदाज बांधत. आता वेळ प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये गेली आहे आणि तिथे ती मुकी असते. मोतीबिंदू झालेली दादी विचारते, “बेटा, कितने बजे?” दोनदा आपण सांगतो, तिसऱ्यांदा चिडतो. चौथ्यांदा ती विचारत नाही आणि दुपारची गोळी राहून जाते.

मनोरा बांधायची ऐपत आपल्यात नाही. तासाला टोले देणारे किंवा बोलून वेळ सांगणारे घड्याळ मात्र घेता येते. तेही नको असेल, तर घरातल्या एका मुलावर काम सोपवा : नमाजाची, जेवणाची, औषधाची वेळ झाली की दादीने विचारण्याआधी जवळ जाऊन सांगायचे. माझ्या वर्गातल्या मुलांना मी या महिन्यात हाच गृहपाठ दिला आहे. तुम्हीही आपल्या घरी द्या.