गोचीड घाण शोधत नाही, श्वास शोधते



गेल्या एप्रिलमधील गोष्ट आहे. पिंपरीत आमच्या चाळीतील एक ताई सुट्टीत मुलाला घेऊन माहेरी, दोडामार्गकडे गेल्या होत्या. काजूचा हंगाम होता. आई-भावाबरोबर त्याही रोज बागेत बिया गोळा करायला जात. मुलगा मागे मागे. परत आल्यावर त्याचे केस विंचरताना कानामागे काळ्या तिळासारखे काहीतरी चिकटलेले दिसले. ती गोचीड होती. सासूबाईंनी उदबत्तीचा चटका दिला, मग नखाने ओढली. अर्धी तुटून आत राहिली. शेजारीण म्हणाली, "पोराचं रक्त गोड आहे, म्हणून लागली." दुसरीने नाक मुरडले, "अंगावर घाण असली की लागतात ह्या."

चार दिवसांनी मुलाला ताप भरला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "कुठे बाहेरगावी गेला होतात का?" ताई म्हणाल्या, "नाही." तापाच्या गोळ्या घेऊन त्या घरी आल्या. संध्याकाळी शाळेचा एक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आल्या, तेव्हा बोलता बोलता सगळे बाहेर आले. मी म्हटले, "ताई, हे डॉक्टरांना का नाही सांगितलंत?" त्या मान खाली घालून म्हणाल्या, "दादा, काय सांगू? घाणेरडी माणसं आहेत म्हणाले असते."

आम्ही तसेच पुन्हा दवाखान्यात गेलो. सगळे खरे सांगितले, तपासण्या झाल्या. सुदैवाने ताप साधा निघाला आणि आठवड्यात पोरगा गल्लीत खेळू लागला. पण ताईंचे ते उत्तर माझ्या मनातून जात नाही. 'घाण' हा शब्द आपल्या माणसांना किती पिढ्या ऐकवला गेला, हे तुम्हाला सांगायला नको. त्या शब्दाच्या भीतीने एक आई डॉक्टरांपासून खरी गोष्ट लपवते, आणि तीही अशा बाबतीत की जिथे त्या शब्दाचा काही संबंधच नाही!

मग गोचीड माणसाला लागते तरी कशी? ती उडत नाही आणि पिसवेसारखी उडीही मारत नाही. कोळी आणि विंचू यांच्या जातकुळीतला हा आठ पायांचा जीव आहे. अगदी लहान पिल्लाला मात्र सहाच पाय असतात. जंगलातल्या बऱ्याच गोचिड्या गवताच्या टोकावर, झुडपावर किंवा वाळलेल्या पाल्यात बसून राहतात आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून वाट पाहतात. त्या पुढच्या पायांवर वास आणि ऊब ओळखणारा बारीकसा अवयव असतो. आपण श्वास सोडतो त्यातील कार्बन डायऑक्साइड वायू, अंगाची ऊब, घामाचा वास आणि दमटपणा यांवरून तिला कळते की कोणीतरी जवळ आले. अंग किंवा कपडा घासून गेला की ती पकडते आणि वर चढू लागते.

आता तुम्हीच विचार करा. गवतावर बसलेल्या गोचिडीला आपल्या रक्ताची चव कशी कळणार? तेव्हा 'गोड रक्त' ही नुसती समजूत आहे. आणि स्वच्छ आंघोळ केलेला साहेबसुद्धा श्वास घेतोच की! बैल, कुत्रा, माकड, कामगार आणि साहेब हे तिच्या लेखी सारखेच. फरक एवढाच, की साहेब वाळलेल्या पाल्यात बसून काजू वेचत नाही. ज्याला पोटासाठी गवतातून आणि पाल्यातून जावे लागते, गोठ्यात वावरावे लागते, त्याच्या वाटेत ती जास्त येते. दोष त्याच्या अंगाचा नाही. त्याचे कामच तसे आहे.

हे एवढे गांभीर्याने का लिहितो? कारण कोकणात गोचिडीमुळे माणसे दगावलेली आहेत. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा भागात, क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांतील माणसे तापाने फणफणली. त्या तापाचा विषाणू शोधून काढला तो आपल्या पुण्यातील संशोधकांनी. १९५२ साली पुण्यात सुरू झालेले ते विषाणू संशोधन केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. आपल्याकडे त्या आजाराला माकडताप म्हणतात. माकड आजारी पडून मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या तिथेच गळतात आणि त्या जागी जाणाऱ्याला धोका होतो. २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातील पाली गावच्या काजू वेचणाऱ्यांत हा ताप आढळला. २०१६ साली तो दोडामार्ग तालुक्यात आला आणि पुढच्या वर्षी बांदा परिसरात पसरला. पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्या कित्येकांची गावे याच पट्ट्यात आहेत.

माकडतापाचा काळ साधारण डिसेंबर ते मे. नेमके याच दिवसांत काजू वेचणे, लाकूडफाटा आणणे आणि भाजावळीसाठी पाला गोळा करणे चालते. चावल्यावर तीन ते आठ दिवसांत अचानक मोठा ताप, भयंकर डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या, आणि काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त अशी लक्षणे दिसतात. शंभरातील तीन ते पाच रुग्ण दगावतात. या आजारावर खास औषध नाही. जुनी लस कमी परिणामकारक ठरल्याने तिचा वापर थांबला आहे. म्हणून वेळेवर रुग्णालयात जाऊन मिळणारी देखभाल हाच आधार. हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही. रुग्णाला वाळीत टाकू नका.

इथे शहरात माकडतापाचे भय बाळगण्याचे कारण नाही. पण चाकणकडे गोठ्याला लागून खोली घेऊन राहणारे अनेक कामगार आहेत आणि चाळीत भटकी कुत्री असतातच. कुत्र्याची तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीतही राहते. तिच्यापासून अंगावर पुरळ उठणारा एक ताप येऊ शकतो. वेळीच ओळखला तर डॉक्टरांच्या औषधाने तो बरा होतो. जनावरांची गोचीड बोटांनी कधीही चिरडू नका. २०११ साली गुजरातमध्ये साणंद तालुक्यात गोचिडीपासून होणारा काँगो ताप आढळला. त्यात एक बाई तर गेलीच, पण तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेल्या. जनावराच्या किंवा गोचिडीच्या रक्तातूनही तो लागतो.

आता काय करायचे ते सांगतो. खर्च फारसा नाही.

रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि फुलपँट घाला. कंपनीचा जुना युनिफॉर्म आणि बूट यासाठी उत्तम. पँट मोज्यात खोचा, सदरा पँटमध्ये. भगिनींनी साडीखाली जुनी पँट घालायला लाजू नये. कपडे फिक्या रंगाचे असले तर चढणारी गोचीड दिसते. पाल्यावर बसायचे तर खाली जाड प्लास्टिक किंवा पोते टाका. त्या भागात आरोग्य खाते अंगाला लावायचे तेल देते, ते 'चिकट आहे' म्हणून घरी ठेवून जाऊ नका. मेलेले माकड दिसले तर हात न लावता ग्रामपंचायतीला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

परत आल्यावर लगेच साबणाने आंघोळ करा. कपडे कढत पाण्यात घाला. गार पाण्यात गोचीड मरत नाही. मग एकमेकांचे अंग पाहा: कानामागे, केसांत, मानेवर, काखेत, नाड्याच्या जागी, जांघेत, गुडघ्यामागे. गोचीड चावताना दुखत नाही, कारण तिच्या लाळेत जागा बधिर करणारे द्रव्य असते. म्हणून 'दुखलं असतं तर कळलं असतं' या भरवशावर राहू नका.

चिकटलेली सापडली तर चटका, रॉकेल, तेल, चुना काही नको. त्याने ती सुटत नाही, उलट आपली लाळ जखमेत जास्त सोडू शकते. भुवयांचा बारीक चिमटा घ्या, कातडीच्या अगदी लगत तिला धरा आणि न पिळता सरळ, सावकाश वर ओढा. चिमटा नसेल तर बोटांना प्लास्टिकची पिशवी गुंडाळून काढा. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तर खोदत बसू नका, तो आपोआप निघतो. जागा आणि हात साबणाने धुवा. गोचीड चिकटपट्टीत बंद करून टाका आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा.

घरच्या कुत्र्याला, गाई-बैलाला गोचिडीचे औषध जनावरांच्या डॉक्टरांनाच विचारून लावा. शेतातील फवारणीचे औषध जनावराला किंवा मुलाच्या डोक्याला चोळणे म्हणजे गोचिडीपेक्षा मोठे संकट घरात आणणे होय.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर मेडिकलमधून आपल्या मनाने अंगदुखीच्या गोळ्या आणू नका. अॅस्पिरिन तर मुळीच नको, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांकडे किंवा सरळ वायसीएम रुग्णालयात जा, आणि त्यांनी विचारायची वाट न पाहता स्वतःहून सांगा: मी अमुक गावी, अमुक तारखेला रानात गेलो होतो, अमुक दिवशी गोचीड सापडली. या दोन वाक्यांवरून डॉक्टरांना कोणती तपासणी करायची ते कळते. ही वाक्ये लपवली, तर चार दिवस भलत्याच औषधात जातात.

त्या ताई परवा पुन्हा भेटल्या. यंदाही हंगामाला माहेरी जाणार म्हणाल्या. पिशवीतून भुवयांचा चिमटा काढून दाखवला आणि हसून म्हणाल्या, "दादा, ह्या वेळी डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगते." मला एवढेच हवे होते. गोचीड लागणे हा आपला कमीपणा नाही. ती लागली हे सांगणे मात्र आपले काम आहे.