पळणारा कुत्रा आणि त्याचा धनी

घरचा कुत्रा वारंवार सुटून जातो, त्याला काय करावें, हा प्रश्न ज्याच्या दारीं कुत्रा आहे अशा बहुतेक शेतकऱ्यास केव्हां ना केव्हां पडतोच. या प्रश्नास आपल्याकडे दोनच उत्तरें रूढ आहेत. एक दांडकें आणि दुसरें साखळी. कुत्रा परत आला कीं त्याला बडवावा, आणि तरीही तो गेला तर त्याला जन्माचा बांधून घालावा, अशी ही रीत. हीं दोन्ही उत्तरें चुकीचीं आहेत असें आमचें स्पष्ट मत आहे. कुत्र्याच्या पळण्यास आपण त्याचा उद्धटपणा समजतों; वस्तुतः ती आपल्या पशुपालनांतील उणीव होय. ज्या शहाणपणानें शेतकरी आपला बैल, म्हैस व शेळी सांभाळतो, तें शहाणपण त्यानें कुत्र्याच्या वाट्यास येऊं दिलें नाहीं, हें या दुखण्याचें मूळ आहे.

विषय लहानसा वाटेल. परंतु काशीमीरा येथें जाऊन पाहिल्यास तो लहान राहिलेला नाहीं असें कोणासही दिसून येईल. मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि घोडबंदरचा रस्ता यांची येथें गांठ पडते, आणि मालमोटारींची रीघ रात्रीं देखील थांबत नाहीं. डोंगराच्या अंगास संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें रान पसरलेलें आहे व त्यांत बिबट्यांची वस्ती आहे. मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ सालीं झाली, २००२ सालीं तिची महानगरपालिका झाली, आणि जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें इमारती उभ्या राहिल्या. पूर्वीं घरचा कुत्रा चार बांध ओलांडून हिंडे आणि दिवेलागणीस परत येई. त्यांत कोणाचें फारसें बिघडत नसे. आज तोच कुत्रा एका अंगास गेला तर मोटारीच्या चाकाखालीं आणि दुसऱ्या अंगास गेला तर बिबट्याच्या तोंडीं सांपडतो. ज्या ज्या गांवाच्या एका बाजूस मोठा रस्ता आणि दुसऱ्या बाजूस रान किंवा उंसाचे फड आहेत, त्या प्रत्येक गांवाची थोडीबहुत हीच अवस्था आहे.

बिबट्याचा विषय निघाला आहे, तर एक गोष्ट आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले परिसरांत विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं बिबट्यांची विष्ठा तपासून त्यांच्या भक्ष्याचा अभ्यास केला. तो २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबानें बिबट्याच्या खाण्यांत कुत्र्यांचा वाटा शेंकडा ३९ आणि शेळ्यांचा अवघा ११ भरला. त्या भागांत शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारें सातपट होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्यांचें मर्म कळतें. शेळीमागें दिवसा राखणारा असतो आणि रात्रीं ती कोंडलेली असते. कुत्रा मात्र दिवसरात्र मोकळा. काशीमीऱ्याच्या शेजारच्या उद्यानांतील सुमारें ३५ बिबटे वर्षाकांठीं दीड हजारांच्या आसपास कुत्रीं खात असावेत, असा अंदाज २०१८ सालच्या एका शास्त्रीय निबंधांत केलेला आहे. कुत्र्याच्या वासानें बिबट्या अंगणापर्यंत येतो, आणि ज्या अंगणांत तो येतो त्याच अंगणांत आपलीं मुलें खेळतात. तेव्हां संध्याकाळनंतर कुत्रा कोठें आहे, ही चौकशी करणें हें शेळ्या मोजून आंत घेण्याइतकेंच अगत्याचें आहे.

मग शेतकरी ही चौकशी कां करीत नाहीं? आमच्या मतें याचें कारण असें कीं, कुत्र्याच्या मालकीविषयीं आपलें मन स्वच्छ नाहीं. राखण करतो तोंवर तो आमचा. कोणास चावला कीं तो गांवचा! बैल परक्याच्या पिकांत शिरला तर धनी मान खालीं घालून दंड भरतो. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यानें कोंडवाड्यांत घालण्याच्या जनावरांची जी यादी केली तींत हत्ती आणि उंटसुद्धां आहेत, परंतु कुत्रा नाहीं. यावरून कुत्र्याच्या धन्यावर कांहींच जबाबदारी नाहीं असें कोणी समजत असेल तर ती समजूत सोडून द्यावी. आपल्या ताब्यांतील जनावरापासून माणसाच्या जिवास अथवा अंगास गंभीर इजा होण्याचा संभव असतां जो योग्य बंदोबस्त ठेवीत नाहीं, त्यास शिक्षा पूर्वींच्या दंडसंहितेंतही होती. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमान्वयें सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. पाळीव कुत्र्याची लस व निर्बीजीकरण यांची जबाबदारीही २०२३ च्या नियमांनीं मालकावरच टाकली आहे.

कायद्याहून मोठें भय पिसाळरोगाचें आहे. माणसास होणाऱ्या या रोगाचें शंभरांतील सुमारें ९९ वेळां मूळ कुत्र्याच्या चाव्यांतच असतें, आणि एकदां लक्षणें दिसूं लागलीं कीं रोगी बहुधा वांचत नाहीं. घर सोडून हिंडणारा कुत्रा गांवच्या कुत्र्यांशीं भांडतो, चावे खातो, आणि तें विष घरीं आणून मुलांस, गाईस व बैलासही देऊं शकतो. कुत्रा तीन महिन्यांचा झाला कीं त्यास लस टोंचवावी व पुढें दरवर्षीं टोंचवीत जावें. कोणास चावा अथवा ओरखडा झालाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. हळद, चुना, मिरची लावीत बसूं नये. चावणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी. परंतु तेवढ्याकरितां माणसाची लस लांबवूं नये.

आतां मूळ उपायाकडे वळूं. रोगाचें निदान झाल्यावांचून औषध देऊं नये हा नियम येथेंही लागू आहे. शेतकऱ्यानें आपल्या हिशेबाच्या वहींत महिना दोन महिने एवढेंच टिपावें कीं, कुत्रा कोणत्या दिवशीं गेला, कोणत्या वेळीं गेला, कोठून निसटला आणि कोठें सांपडला. चार-सहा नोंदी झाल्या कीं कारण आपोआप पुढें येतें. भाद्रपदाच्या सुमारास नर दोन दोन दिवस नाहींसा होत असेल तर तो माजावर आलेल्या कुत्रीच्या मागें गेला आहे. रोज ठराविक वेळीं जाऊन तोंड चाटीत परत येत असेल तर खाणावळीचें खरकटें किंवा खाटकाच्या दुकानामागचा कचरा त्यास बोलावतो. दिवाळीच्या किंवा लग्नाच्या दिवसांत गेला असेल तर फटाक्यांच्या आवाजानें बिथरला आहे. आणि घरचीं माणसें शेतावर किंवा कामावर गेल्यावर तो जात असेल, तर त्यास करमत नाहीं एवढाच त्याचा अर्थ. या चार दुखण्यांस एकच दांडकें कसें चालेल?

पहिल्या कारणास खच्ची करणें हा खरा उपाय आहे. १९७६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत मोठ्या वयांत खच्ची केलेल्या नरांपैकीं दहांत नऊ कुत्र्यांचें भटकणें कमी झाल्याचें आढळलें. पुढील अभ्यासांत हें प्रमाण त्याहून कमी आलें, तरी बहुसंख्य कुत्र्यांत सुधारणा दिसलीच. असें केल्यानें कुत्रा मऊ पडतो, राखणीस निकामी होतो, असा आक्षेप आपले शेतकरी बंधू घेतात. त्यांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, ज्या बैलाच्या खांद्यावर आपण नांगर देतों, तो खच्ची केलेलाच असतो ना? त्यास कोणी निकामी म्हणत नाहीं. आपलें दार कोणतें व परका माणूस कोण, हें ओळखणें कुत्र्याच्या वृषणांवर अवलंबून नाहीं. मादीचेंही निर्बीजीकरण करावें. नाहीं तर दर खेपेस पांच-सात पिलें पोत्यांत घालून रस्त्याच्या कडेला सोडण्याचें पाप कोणाच्या तरी हातून घडतें, आणि तींच पिलें वांचलीं तर पुढें गांवाच्या डोक्यावर बसतात.

परत आलेल्या कुत्र्यास मारण्याची चाल मात्र आजपासून बंद व्हावी असें आम्ही आग्रहपूर्वक सांगतों. कुत्र्यास दुपारच्या अपराधाची आठवण देऊन संध्याकाळीं शिक्षा करतां येत नाहीं. त्याला एवढेंच कळतें कीं, आपण घरीं आलों आणि मार बसला. अशा कुत्र्याचा परत येण्याचाच धीर सुटतो. उलट तो आला कीं त्यास भाकरीचा तुकडा द्यावा, नांव घेऊन थोपटावें. रोज दिवेलागणीस एकाच आवाजानें हांक मारून मुख्य खाणें घरांतच घालावें. महिनाभर हा क्रम चुकला नाहीं तर बहुतेक कुत्रीं त्या हांकेस बांधलीं जातात.

साखळी अजिबात वापरूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु आखूड व जड साखळीनें कुत्रा अवाजवी वेळ जखडून ठेवणें आणि बांधलेल्या कुत्र्यास फिरावयास न नेणें, या दोन्ही गोष्टी १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा ठरविल्या आहेत. शिवाय सदैव बांधलेला कुत्रा चिडका होतो, आणि सुटला म्हणजे दसपट दूर जातो. उघड्यावर बांधलेला कुत्रा तर बिबट्यास वाढून ठेवलेलें ताट होय; त्यास पळतांही येत नाहीं. म्हणून सकाळसंध्याकाळ अर्धा अर्धा तास दोरीस धरून त्यास फिरवावें, शक्य असेल तर शेतावर बरोबर न्यावें. दिवसा तो कुंपणाच्या आंत असावा. खालून उकरून जात असेल तर कुंपणाच्या बुडाशीं दगड बसवावे. वरून उडी घेत असेल तर जवळचें लांकूड, ओटा, गवताची गंजी हलवावी. फाटक उघडें टाकण्याची घरच्या माणसांचीच संवय असेल तर कुत्र्यास बोल लावण्यांत अर्थ नाहीं. रात्रीं तो गोठ्याच्या बंदिस्त पडवींत, दाराला कडी घालूनच ठेवावा. गळ्यांतील पट्ट्यावर धन्याचा फोन क्रमांक असावा, म्हणजे सांपडणाऱ्यास कळवितां येतें.

याला खर्च व वेळ लागतो, आणि कुत्रा कांहीं दूध देत नाहीं, असें कोणी म्हणेल. त्यावर आमचें उत्तर असें कीं, ज्यास हा खर्च झेपत नाहीं त्यानें कुत्रा पाळूं नये; त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. परंतु पाळल्यावर त्यास अर्धा घरचा व अर्धा रस्त्याचा ठेवणें हें त्या मुक्या जनावरास, शेजाऱ्यास आणि महामार्गावरून जाणाऱ्या दुचाकीस्वारासही घातक आहे. आडव्या आलेल्या कुत्र्यास चुकवितांना माणूस पडतो, तेव्हां तो कुत्रा कोणाचा हें सांगावयास कोणी पुढें येत नाहीं.

शेतकऱ्याच्या दावणीस जेवढीं जनावरें आहेत त्यांची गणना तो रोज संध्याकाळीं करतो. त्या गणनेंत आतां कुत्राही धरावा, एवढीच आमची मागणी आहे. ग्रामसभांनीं व शेतकरी मंडळांनीं दर पावसाळ्यापूर्वीं पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साह्यानें लस व निर्बीजीकरण यांचा एक दिवस ठरवून घ्यावा, आणि पाळलेल्या प्रत्येक कुत्र्याचें नांव धन्याच्या नांवासह नोंदवून ठेवावें. भाद्रपद येण्याच्या आधींच हें काम उरकलें तर यंदाच त्याचा गुण दिसूं लागेल.