शून्य-त्रुटी

व्हर्निअर कॅलिपरचे जबडे मिटल्यावर, मध्ये कोणतीही वस्तू नसताना, त्याने काही माप दाखवले तर तुम्ही काय म्हणता? उपकरणात शून्य-त्रुटी आहे!

हार्दिक पंड्या गुजरातचा संघ सोडून मुंबईकडे परतला. २४ मार्च २०२४ रोजी अहमदाबादेत त्याची हुर्यो उडवली गेली. तेथून तो गेला होता. राग समजू शकतो. पण १ एप्रिलला वानखेडेवर तर तो आला होता! तरी नाणेफेकीलाच, एकही चेंडू पडण्यापूर्वी, तीच हुर्यो. कर्णधारपद रोहित शर्माकडून काढून त्याला दिले, याचा तो राग. निर्णय संघचालकांचा, शिव्या मात्र खेळाडूला.

२९ जूनला ब्रिजटाउन येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक त्याने टाकले. आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या. भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला.

आपल्या संघावर प्रेम जरूर करावे. पण खेळाडूचे माप घेण्याआधी, प्रयोगवहीत लिहितो तशी, आपली शून्य-त्रुटी नोंदवावी. माझी मी नोंदवली आहे: एप्रिलमध्ये दूरचित्रवाणीसमोर ओरडणाऱ्यांत मीही होतो.