समेपूर्वीचा फैसला

परीक्षणार्थ आमच्याकडे येणाऱ्या नव्या ध्वनिमुद्रणांचे स्वरूप गेल्या काही वर्षांत पार पालटले आहे. ज्या टेबलावर एके काळी कॅसेटींच्या आणि तबकड्यांच्या चळती असत, तेथे आता एक संगणक उरला असून, त्यावर दाखल होणाऱ्या दुव्यांतून गायकाचे नाव, रागाचे नाव आणि एखादे सुबक छायाचित्र यांखेरीज बहुधा काहीच हाती लागत नाही. साथीस कोण होते, बंदिश कोणाची, ती कोणाच्या तालमीतून आली, मुद्रण कोणत्या गावी व कोणत्या तारखेस झाले, यांपैकी एकाही बाबीचा तपशील नसतो. आणि राग मारवा असो वा दरबारी असो, तो पाच-सात मिनिटांत हातावेगळा केलेला असतो. गाणारी मंडळी तयारीची आहेत, कित्येकांचे स्वर निर्दोष आहेत, यंत्रे तर आमच्या पिढीने स्वप्नातही पाहिली नव्हती अशी आहेत. आणि तरीही ऐकून संपल्यावर आपण बैठकीतून उठलो असे न वाटता बैठकीची जाहिरात ऐकली असे वाटते. बैठकीचे संगीत मुद्रित करावयाचे तर बैठकच मुद्रित करावी, एवढेच आमचे सांगणे आहे. मात्र ते नीट सांगावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यास गौहरजानचा आवाज मुद्रित केला, तेव्हापासून जवळजवळ अर्धशतकभर आपल्या गवयांना जी मर्यादा पाळावी लागली ती यंत्राची होती. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपे. १९२५ च्या सुमारास विद्युत् ध्वनिमुद्रणाची पद्धत येईपर्यंत तर कर्ण्यापुढे तोंड धरूनच गावे लागे, आणि तंबोऱ्याची जवारी तबकडीवर उमटण्याची आशाच नव्हती. अशाही अवस्थेत अब्दुल करीम खाँसाहेबांनी जे करून ठेवले ते आपण सारे जाणतो: विस्ताराला जागा नाही हे एकदा मान्य केल्यावर त्यांनी मोठ्या गाण्याचा तुकडा तोडून दिला नाही, तर तेवढ्याच अवकाशात पुरे होणारे निराळे गाणे घडविले, आणि म्हणूनच त्यांची झिंझोटीतील ठुमरी आजही अपुरी वाटत नाही. याउलट अल्लादिया खाँसाहेबांनी या यंत्रापुढे आपले गाणे ठेवलेच नाही. १९४६ साली ते पैगंबरवासी झाले, आणि त्यांच्या गायकीचे अनुमान आज आपण केसरबाई, मोगूबाई आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गाण्यावरून करतो. दोघांचेही वर्तन समजण्यासारखे आहे. एकाने अटी ओळखून करार केला, दुसऱ्याने अटी ओळखून तो फेटाळला. अटी न वाचता सही करणारा वर्ग मात्र अलीकडचा.

कारण आजच्या अटी यंत्राच्या राहिलेल्याच नाहीत. लांब चालणारी तबकडी आली, कॅसेट आली, ७४ मिनिटांची सीडी आली, आणि अखेर कालमर्यादाच संपुष्टात येऊन दीड तासाचा मालकंस जसाच्या तसा जगापुढे ठेवण्यास कोणाची परवानगी लागेनाशी झाली. नेमक्या याच मुक्कामावरून आपण स्वखुशीने तीन मिनिटांकडे परत निघालो आहोत. कारण विचारावे तर श्रोता थांबत नाही असे सांगण्यात येते. या समजुतीमागचा हिशेब पाहण्यासारखा आहे. स्पॉटिफायच्या दफ्तरी एखादे गाणे ‘ऐकले गेले’ अशी नोंद व्हावयास श्रोत्याने ते तीस सेकंद ऐकावे लागते, आणि २०२४ पासून मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्यासच मानधनाचा हिस्सा मिळतो. आता विलंबित एकताल घ्या. मात्रेला पाच सेकंद अशा लयीत बारा मात्रांचे आवर्तन एक मिनिटाचे होते. औचार अजिबात न करता थेट समेपासून जरी आरंभ केला, तरी तीस सेकंद भरतात तेव्हा तबलजी सातव्या मात्रेच्या ‘कत्’पाशी, म्हणजे खालीवर, आलेला असतो आणि पुढची सम अजून तितकीच दूर असते. राग ऐकला गेला की नाही, याचा फैसला पहिल्या आवर्तनाची सम येण्यापूर्वीच लागून गेलेला असतो! त्यावर उपाय म्हणून आमचे तरुण मित्र मध्यलयीच्या बंदिशीच्या मुखड्यालाच आरंभी ठेवतात आणि षड्ज नीट लागण्याआधी तान घेतात. या साऱ्या धडपडीतून पदरात काय पडते, हे ज्याने त्याने आपल्या वर्षअखेरच्या हिशेबात पाहावे. आमच्या परिचयातील एकाही ख्यालगायकाची चूल त्यावर पेटत नाही. मिळकत नाही ती नाहीच, मग निदान आवर्तन तरी पुरे होऊ द्यावे.

मुद्रणाच्या जागेविषयी थोडे सविस्तर लिहिणे प्राप्त आहे, कारण या बाबतीत मराठवाड्याला एक अनुकूलता आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष नाही. वेरुळच्या दहाव्या लेण्यात, त्या विश्वकर्म्याच्या चैत्यगृहात, षड्ज लावून पाहण्याचा मोह कोणत्या गवयाला झाला नसेल? लाकडी वाशांची आठवण देणाऱ्या दगडी फासळ्यांचे ते कमानदार छत लावलेला स्वर उचलून धरते आणि आलापीस अलौकिक असे रूप देते. पण तेथेच दुगुणीतली एक तान घ्यावी, की तिच्यातले सारे दाणे एकमेकांत मिसळून त्यांचा चिखल होतो. आजच्या स्टुडिओंत मुद्रणानंतर जी कृत्रिम घुमारी चढविली जाते ती या लेण्याचीच नक्कल असते, आणि ती धृपदाच्या आलापास एक वेळ शोभली तरी ख्यालाच्या तानेस मारक ठरते. याउलट जुन्या शहरातील माळवदाच्या खोल्या, ज्यांच्या मातीच्या भिंती हात-दीड हात रुंद आणि ज्यांचे लाकडी छत डोक्यापासून फारसे उंच नसते, त्या आवाज कोंडतही नाहीत आणि उधळतही नाहीत. अशा खोलीत सतरंजी अंथरून वीस माणसे बसविली की तेथील श्राव्यता कोणत्याही भाड्याच्या स्टुडिओपेक्षा बैठकीच्या गाण्यास अधिक मानवते. पंखा मात्र बंद ठेवावा लागेल, म्हणजे मुद्रण कार्तिक ते माघ या थंडीच्या दिवसांत करणेच श्रेयस्कर.

विजेची घरघर हा त्याहून सूक्ष्म शत्रू आहे. पांढरी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्यावरील मंद्र पंचम सेकंदाला सुमारे ९८ आंदोलनांचा असतो, तर आपल्या वीजपुरवठ्याची वारंवारता ५० असल्याने सदोष जोडणीची घरघर तिच्या दुपटीवर, म्हणजे १०० आंदोलनांवर, ठळकपणे ऐकू येते. हे दोन ध्वनी एकत्र आले म्हणजे सेकंदाला दोन अशा संथ लाटा उठतात, आणि बिचारा गायक तंबोरा उतरला असे समजून खुंटी पिळीत बसतो. अशा वेळी तंबोरा पुनःपुन्हा लावण्यापेक्षा भिंतीतील जोडणी तपासावी. आणि तंबोरा खराच असावा. इलेक्ट्रॉनिक पेटीतल्या तंबोऱ्याला थकवा नसतो हे खरे, परंतु जवारीतून आपोआप उमटणारा जो गांधार ऐकून गायक आपला गांधार लावतो, तो त्या पेटीत क्वचितच सापडतो. तंबोऱ्यातला हा स्वयंभू गांधार बाजाच्या पेटीतल्या गांधाराहून अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने उतरलेला असतो. स्वर ‘दुरुस्त’ करणारी जी संगणक-योजना आता सर्रास वापरली जाते तिला हा फरक ठाऊक नसतो; मुद्रण सर्वस्वी तिच्या स्वाधीन केले तर ती प्रत्येक स्वर पेटीच्या बारा खुंट्यांना बांधून टाकते, आणि दरबारीतील कोमल गांधाराचे आंदोलन हा तिच्या लेखी दोष ठरून पुसला जातो. असे दुरुस्त झालेले दोन दरबारी अलीकडे आमच्या कानी पडले. नावे सांगत नाही.

नोंदीच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या शहरातून वेरुळास जाताना देवगिरीचा किल्ला लागतो. याच देवगिरीच्या यादवांच्या पदरी, राजा सिंघणाच्या कारकिर्दीत, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ सिद्ध केला. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे, आणि तो स्वतः दरबारात हिशेबखात्याचा अधिकारी. सप्ताध्यायी ग्रंथाची ती काटेकोर मांडणी वाचताना हिशेबनिसाचा हात जागोजाग जाणवतो. त्याच्या प्रकीर्णकाध्यायात गायकांचे एकल, यमल आणि वृंद असे भेद सांगून पुढे गायकाचे पंचवीस दोष मोजले आहेत, आणि त्यांत दात आवळून गाणारा, तोंड भलतेच पसरणारा, डोळे मिटून गाणारा अशांची स्वतंत्र नावे आहेत. ध्वनिमुद्रणाने शंभर वर्षे यांतील अनेक दोषांवर पडदा टाकला होता. आता चित्रफितीमुळे ते सर्व पुनश्च रुजू झाले, हा एक निराळाच विनोद. सांगावयाचे ते एवढेच की, ज्या भूमीत हिशेबखात्याच्या अधिकाऱ्याने संगीताचे दफ्तर इतक्या निगुतीने लावून दिले, तेथील गवयांनी आपल्या मुद्रणावर तबलजीचे नाव लिहिण्याचाही कंटाळा करावा हे शोभत नाही. पाश्चात्त्यांच्या कलागीतांत पियानोवादकाचे नाव गायकाच्या जोडीने छापण्याचा रिवाज रुळला, तो जेराल्ड मूर यांच्यासारख्या साथीदाराने उभा जन्म त्यासाठी वेचला तेव्हा. ‘अ‍ॅम आय टू लाउड?’ या त्यांच्या १९६२ च्या आत्मकथनाचे नावच साथीदाराच्या स्थितीवर पुरेसा प्रकाश टाकते. आपल्या पेटीवाल्याने आणि सारंगियाने असे आत्मकथन लिहावयाचे ठरविले, तर त्यास एक खंड पुरणार नाही.

नोंदीच्या अभावी काय गमावले जाते याचा दाखला शोधण्यास दूर जावयास नको. निजामी अमलात या शहराला स्वतःचे रेडिओ केंद्र होते आणि संस्थान विलीन झाल्यावर १९५० साली ते आकाशवाणीच्या ताब्यात आले. त्या काळी कार्यक्रम बहुधा थेटच प्रक्षेपित होत, तेव्हा त्या केंद्रावर गायलेले बहुतेक गाणे हवेतच विरून गेले. पंडित नाथराव नेरळकर नांदेडास अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकले, पुढे या शहरात सरस्वती भुवनमध्ये त्यांनी अध्यापन केले, संगीत नाटक अकादमीचा सन्मान त्यांना लाभला, आणि २०२१ च्या मार्चात ते निवर्तले. त्यांच्या आणि त्यांच्या समकालीनांच्या घरगुती बैठका कोणी ना कोणी नव्वद मिनिटांच्या कॅसेटींवर टिपून ठेविल्या असतील. पंचेचाळीस मिनिटांनी ‘खट्’ असा आवाज होऊन बाजू संपते आणि ती उलटेपर्यंत नेमकी एखादी अवघड जागा निसटते, अशा त्या कॅसेटी. ज्यांच्या कपाटात त्या असतील त्यांनी आता विलंब करू नये. फितीवरील लेप दमट हवेत सुटू लागला की एकेका वेळच्या वाजविण्यानेही तो झडत जातो. पुण्याच्या सुरेश अलूरकरांनी मन्सूर, गजाननबुवा जोशी अशांच्या खाजगी बैठका कॅसेटरूपाने प्रसिद्ध करून, आणि सत्यशील देशपांडे यांनी संवाद फाउंडेशनद्वारे निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांना बोलावून मुद्रित करून, जे काम केले त्याचे मोल एखाद्या विद्यापीठाच्या कामाहून कमी नाही. मराठवाड्यासाठी असे कोणी केले नाही, आणि आता ते करणे आपल्याच अंगावर आहे.

भावगीताविषयी थोडक्यात. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ जी. एन. जोशी यांनी गाऊन मुद्रित केली तेव्हा मराठीत कविता आणि तबकडी यांची सोयरीक जमली, आणि तीत कवीचे नाव कधी मागे पडले नाही. आज मात्र ‘जैत रे जैत’ची गाणी नव्याने गाऊन प्रसृत करणाऱ्या किती जणांनी आपल्याच जिल्ह्यातील पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांचे नाव त्यांवर घातले आहे, हे पाहू जाता निराशा होते. आधी तयार करून ठेवलेल्या ठोक्याच्या पट्टीवर गळा चढविण्याच्या पद्धतीने तर भावगीताचा श्वासच हिरावून घेतला. ओळीच्या अखेरीस कविता जेथे थांबू पाहते तेथे ठोका थांबत नाही.

पैसा कोठून आणावा, हा प्रश्न उरतोच. १९३१ साली लंडनमध्ये वॉल्टर लेग यांनी हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीतर्फे ह्यूगो वोल्फ सोसायटी काढली, तेव्हा वोल्फची गीते बाजारात खपणार नाहीत हे कंपनीस पक्के ठाऊक होते. म्हणून ५०० वर्गणीदार आगाऊ मिळाले तरच मुद्रण करावयाचे असे ठरले, ते मिळाले, आणि एलेना गेरहार्टच्या आवाजातील पहिला संच निघाला. पाठोपाठ श्नाबेलने वाजविलेले बेथोव्हनचे सोनाटे याच तजविजीने बाहेर पडले. मासिके वर्गणीवर चालविण्याची सवय असलेल्या मराठी माणसास ही रीत समजावून सांगावी लागू नये. आमची सूचना अशी की, येत्या कार्तिकात या शहरात एका माळवदाच्या खोलीत एका गायकाची एक पुरी बैठक, एकच राग विलंबितापासून द्रुतापर्यंत आणि शेवटी एक भावगीत कवीच्या नावासह, वीस श्रोत्यांसमोर मुद्रित व्हावी, आणि तिचा खर्च आगाऊ वर्गणीतून भागवावा. वर्गणीदार होऊ इच्छिणाऱ्यांनी आणि खोली देऊ शकणाऱ्यांनी संपादकीय कार्यालयाकडे आपली नावे कळवावीत. पुढील अंकापासून परीक्षणासाठी येणाऱ्या मुद्रणासोबत साथीदारांची नावे, ताल, बंदिशीचा रचनाकार, स्थळ आणि तारीख यांची नोंद नसल्यास ते मुद्रण परत केले जाईल. केवळ दुवाच पाठविणाऱ्यांना तो का परत आला हे कळविण्याची व्यवस्थाही करण्यात आली आहे.