माळावर झाडे लावू नका



पावसाळा आला की ‘ओसाड माळ हिरवा करू’ म्हणत खड्डे खणायला सुरुवात होते आणि वर्तमानपत्रांतून त्याचे कौतुक छापून येते. झाडे लावायला माझा विरोध नाही, माळावर लावायला आहे. नेमक्या त्याच दिवसांत तिथे तणमोर या गवताळ माळावरच्या पक्ष्याची वीण चालू असते.

एरवी बराचसा मादीसारखाच मातकट दिसणारा नर जुलै-ऑगस्टमध्ये काळाभोर होतो. डोक्यामागे बारीक तुरे फुटतात, टोकाला चमच्यासारखे पसरट. पण गुडघाभर गवतात हा साज दिसणार कुणाला? म्हणून तो जागच्या जागी उसळी मारतो. मान मागे, पाय पोटाशी, पंखांची फडफड, खरखरीत आवाज. जवळपास माणसाच्या उंचीपर्यंत जाऊन पुन्हा गवतात गडप. दिवसाकाठी ५०० पर्यंत उड्यांची नोंद आहे. शेजारच्या नरालाही त्यातून हद्द कळते.

मादी नरापेक्षा आकाराने मोठी. अंडी उबवणे, पिल्ले वाढवणे सगळे तिच्या एकटीवर; नर त्यात कुठेच नसतो. तेव्हा पिल्लांचा बाप कोण असावा हे ठरवताना तिच्यापुढे ही उडीच असते. कोण किती उंच जातो, किती वेळ दम धरतो, हे तिला लांबून दिसले पाहिजे. मादीच्या अशा पसंतीतूनच नरांचा साज घडत जातो, हे डार्विनने १८७१ मध्येच मांडले होते.

मोकळ्या माळावर ग्लिरिसिडियाच्या रांगा उभ्या केल्या की उडी झाकली जाते आणि अंड्यांवर टपलेल्या कावळ्यांना बसायला फांदी मिळते.

‘मग जमीन पडीकच ठेवायची का?’ असे विचारले जाते. माळ पडीक नसतोच. गुरे-मेंढ्या त्यावर जगतात, हे धनगरांना विचारा. अकोला-वाशिम भागात फासेपारधी मंडळींनी तणमोराची घरटी शोधून राखली आहेत, कारण गवत त्यांना वाचता येते. खड्डे कुठे खणायचे हे ठरवताना त्यांना कुणी विचारत नाही, याचा मला संताप येतो.

तणमोर २०२१ पासून जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. वन विभागाला आणि ग्रामपंचायतींना माझी कळकळीची विनंती आहे: झाडे गावठाणात, रस्त्याकडेला, बांधांवर लावा. माळ वगळा, आणि विणीचा हंगाम सरेपर्यंत तिथले गवत कापू नका.

– एक वाचक, वाशिम